सूनबाईवरचा आळ मागे घेऊन केलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा शिंपीकाम, ज्याला गल्लीतले लहानथोर मास्तर म्हणतात, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, आणि कोणाला घाबरूनही नाही. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा कालचा दाखला सोबत टाचला आहे. तो मी दोनदा वाचून घेतला, कारण डॉक्टर काय लिहून ठेवतील याचा भरवसा नसतो.

१. गेल्या वर्षीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात दुकान आणि वरच्या दोन खोल्या मी पुतण्याला दिल्या होत्या, आणि सूनबाईला घरात ठेवू नये असं लिहिलं होतं. ते का लिहिलं आणि आता का खोडतोय, हे पुढे भांडण नको म्हणून सांगून ठेवतो.

मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे घरात मी आणि सूनबाई. माझा रक्तदाब वाढला तेव्हापासून तिने जेवणातलं मीठ कमी केलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा." मला पटलं नाही. पुढे सकाळच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या, त्याही तिच्याच हातून. दुकानात पुतण्या हळूच म्हणाला, "काका, गिळायच्या आधी जरा बघत चला." झालं. त्या दिवसापासून मी अर्धं ताट टाकून उठू लागलो, आणि तिसरी गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकू लागलो. ते मृत्युपत्रही तेव्हाच केलं.

मग पँटा सैल झाल्या. कमरेवरून घसरायच्या, पायाशी लोळायच्या. शर्ट पुढून लोंबायचा, मागून वर चढायचा. पन्नास वर्षं मी लोकांची मापं घेतली. माझं स्वतःचं माप चुकेल कसं? कोणीतरी कपड्यांना हात लावत होतं. एका दुपारी जिन्यावर पँटेत पाय अडकला आणि मी सहा पायऱ्या खाली आलो. मनगट मोडलं. दवाखान्यात सगळ्यांदेखत मी तिला विचारलं, "माझ्या पँटा कोणी उसवल्या?"

"बाबा, मला साधं बटण लावता येत नाही," ती म्हणाली. "पँट कुठून उसवू?"

तिचे डोळे भरून आले. मला ते नाटक वाटलं.

प्लास्टर निघाल्यावर दाराला कडी लावून मी सगळ्या पँटा उलट्या करून भिंगाखाली तपासल्या. कमरेची शिलाई माझी, खालची तुरपाई माझी, दोरासुद्धा माझाच. एक टाका इकडचा तिकडे नव्हता. मग टेप काढला. कंबर चार इंच कमी. चौकटीला पाठ लावून उंची घेतली, दोन इंच कमी. टेपचाही संशय आला, म्हणून लाकडी पट्टी लावून पाहिली. टेप बरोबर होता.

नेहमीचे डॉक्टर सोडून नव्या डॉक्टरीणबाईंकडे मी एकटाच गेलो. त्यांनी पाठीचा फोटो काढला. "हाडं ठिसूळ झालीत, दोन मणके दबलेत. आणि तुम्ही पोटभर जेवत नाही." जुनी चिठ्ठी दाखवली, तर तिसरी गोळी हाडांसाठीच होती. मग त्यांनी वार विचारला, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मला तीन आठवले. विसरणं सुरू झालंय, म्हणाल्या, आणि असा संशय येणं हा त्याचाच भाग असू शकतो. सूनबाईने यांना पढवून ठेवलेलं दिसतंय, असं लगेच मनात आलं. दोघींची तोवर गाठही पडली नव्हती.

२. वरच्या दोन्ही खोल्या सूनबाईच्या एकटीच्या नावे. मुलाच्या नाहीत, त्याला कोणीही गोड बोलून सही करायला लावतं.

३. दुकान आणि दोन्ही मशिनं पुतण्याला. त्याचा हात चांगला आहे, तोंड नाही. मोठी कात्री त्याला देऊ नये. कापडाच्या त्या कात्रीने तो कागद कापतो, मी स्वतः पाहिलं आहे.

४. मी अंथरुणाला खिळलो तर औषध काय द्यायचं, दवाखान्यात न्यायचं की घरी ठेवायचं, हे सूनबाईने ठरवावं. पुतण्याचं मत विचारू नये. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा, माझ्या हयातीतच.

५. आजार वाढला तर मी तिच्यावर पुन्हा आळ घेईन. ती विष घालते म्हणेन, चोरी करते म्हणेन, कदाचित नवा कागदही करेन. त्याला डॉक्टरीणबाईंचा दाखला नसेल तर तो कोणी मानू नये. सूनबाई, तेव्हा माझ्याशी वाद घालू नकोस, ताट पुढे सरकव आणि समोर बसून राहा. मी ओरडलो तरी उठू नकोस. दवाखान्यात तुझी माफी मागायला हवी होती, ती आज इथे मागतो. पुढे मला हे आठवणार नाही, म्हणून लेखी देतो.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, सकाळी साडेदहा

सही: मास्तर

साक्षीदार: १. समोरचा चष्मेवाला २. कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार

(दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणूनच निवडले.)