रकाना सात

६ जाने., आगरदांडा
सुनील आला. माझा जुना विद्यार्थी, आता पोलिसात. आधी माझा फोन आतल्या खोलीत ठेवायला लावला. मग म्हणाला, "बाई, चार महिने तुमचा फोन ऐकताव. चुकून." साहेबांना इथली बोली कळत नाही, म्हणून ऐकायला याला बसवलं. "पयल्याच दिवशी आवाज वळखला."
मग गप्प का राहिलास?
"नोकरी हाय ना, बाई."

७ जाने.
चुकीचं मूळ मीच. होडीवाल्या महादू तांडेलाकडे कागद नव्हते, त्याचं सिमकार्ड माझ्या नावावर घेऊन दिलं. जेट्टीवर अशी कितीतरी आहेत. फोन ऐकण्याचा हुकूम त्याच्या नंबरचा. त्यावर नाव माझं दिसलं, म्हणून ऐकला माझा फोन.
चार महिने. म्हणजे शर्मिलाही. ताईची मुलगी, मारकुट्या नवऱ्याला सोडून पालीत लपलेली. खोली, मुलीची शाळा, सगळं फोनवर बोललो. तिचा दीर सुनीलच्याच कचेरीत.

१३ जाने.
अलिबागला सुनीलच्या कचेरीत गेले. साहेब गोड बोलले. "तक्रार नसेल तर रेकॉर्डिंग नष्ट होईल, मॅडम. केलीत तर पुरावा म्हणून जपावं लागेल."
नष्ट केल्याचं लेखी द्या.
"जे ऐकलंच नाही, त्याचं लेखी कसं देणार?" हसला.
तिथेच तक्रार लिहून दिली. पोच घेतली. रागात.

२९ जाने.
फोन ऐकण्याच्या हुकमांची तपासणी करणाऱ्या आढावा समितीचा अर्ज भरायला आला. रकाना ७: कोणत्या संभाषणामुळे हानी संभवते? तारीख, व्यक्ती, विषय. म्हणजे त्यांच्या नजरेतून सुटलं असेल ते मीच बोट ठेवून दाखवायचं. आणि अर्ज जाणार त्याच कचेरीमार्फत. कोरा सोडला तर 'हानी नाही', प्रकरण बंद.
साहेबांना फोन करून तक्रार मागे घेते म्हटलं. "आता नोंद झाली, मॅडम. मागे नाही घेता येत."

२ फेब्रु.
फोन घरी ठेवून पालीला गेले. शर्मिलाने ऐकून घेतलं. "ही तिसरी खोली, मावशी. पोरगी आत्ता कुठे शाळेत रुळली." बराच वेळ भांडी घासत राहिली. "लिही, नाहीतर नको लिहू. मला विचारू नकोस."

५ फेब्रु.
उद्या अर्जाची शेवटची तारीख. सुनील बाजारात भेटला. तुझ्याशिवाय कुणी ऐकलं का?
"मी आठ दिवस रजेवर होतो, बाई."
तेव्हा कोण बसलं?
"इथलाच एक, आमच्या कचेरीतला." नाव विचारलं, तर गाडीला किक मारून गेला.
शर्मिलाला आजच कळवायला हवं. पालीची शेवटची एस.टी. गेली. फोन समोर आहे, आणि तो अजून कोण ऐकतं ते ठाऊक नाही.