लेकराच्या डोक्यावरची शपथ

मी, कमलीबाई नानाजी गावंडे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, आज माझं डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. पोटातल्या गाठीचं डॉक्टरांनी माझ्या मुलाला, हरीओमला, बाहेर नेऊन सांगितलं. तो आत आला तेव्हा त्याचं तोंड पाहूनच मला कळलं. मसुदा वाशीमच्या वकीलसाहेबांचा आहे, त्यात भर माझी. ते म्हणाले, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नसतात. मी म्हटलं, मग कुठे लिहितात ते सांगा, नाहीतर इथेच लिहा. याआधीचं माझं मृत्युपत्र म्हणून कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

१. राहतं घर, गोठा आणि मागची जागा माझी सून सौ. निकिता हरीओम गावंडे हिच्या एकटीच्या नावे करते. हरीओमने त्यात खुशाल राहावं, पण घर तिचं आहे हे लक्षात ठेवून राहावं.

२. नाल्याकाठचं शेत हरीओम आणि निकिता या दोघांचं सामाईक. दोघांच्या सहीशिवाय ते विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. "हरीओमने दारू सोडल्यास" एवढे शब्द घाला, असं वकीलसाहेबांनी सुचवलं होतं. मी ते घातलेले नाहीत. का, ते पुढच्या कलमात आहे.

३. या कलमात वाटून देण्यासारखं काही नाही.

माझे पती कैलासवासी नानाजी पीत असत. त्यांची सवय मोडावी म्हणून माझे थोरले दीर पुंजाजी यांनी एकदा चार माणसं ओट्यावर बसवली. आमचा पहिला मुलगा बादल सहा वर्षांचा होता, अंगणात खेळत होता. त्याला दंडाला धरून आणलं. पुंजाजी म्हणाले, "ठेव हात पोराच्या डोक्यावर. म्हन, पेलो तं ह्या लेकराचं..." पुढचं मी लिहीत नाही. आमच्याकडे शपथ अशीच घेतात. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून कोणी घेत नाही, कारण ती मोडायला नवरे भीत नाहीत. नानाजींनी हात ठेवला. बादल हसत होता, त्याला वाटलं बाप लाड करतोय.

नानाजींनी काही महिने पाळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ते पिऊन आले. त्याच पंधरवड्यात बादलला ताप भरला. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं आणखी एक लेकरू त्यानेच गेलं, आणि त्याच्या बापाने दारूला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण गावाला मेंदूज्वर पटला नाही. नानाजींनाही नाही.

त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. बादलच्या तेराव्याला पुंजाजी पंगतीत बोलले, "लेकरू गेलं, पण मानूस सुदरला." हे मी विसरलेली नाही आणि माफही करणार नाही.

माणूस कसा सुधारला ते मी पाहिलं. त्यांनी पुन्हा कुठल्याच लेकराच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हरीओम तेव्हा पाळण्यात होता. त्याला ताप आला की कपाळ मी पाहायची, हे दारातूनच विचारायचे, "उतरला का?" त्याच्या लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली, तेव्हा यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. हरीओम एकदा मला म्हणाला, "बाबाले बादलच पायजे होता. मी कायले जगलो, आई?" मी त्याला पुष्कळ समजावलं. मग तोही पिऊ लागला, आणि बाप त्याला एका शब्दाने रागावला नाही म्हणून आणखी पिऊ लागला. दोघंही आतून मायाळू आणि दोघंही तोंडाला कुलूप लावलेले. मी मधे रडून रडून थकले.

४. अंबाडीची सुतळी वळायचा नानाजींचा लाकडी ढेरा हरीओमला द्यावा. लोकांना वाटतं नानाजींची दारू भीतीने सुटली. भीतीने त्यांची फक्त झोप गेली. दारू सुटली ती या ढेऱ्यावर. दिवेलागणीला हात थरथरू लागले की ते अंबाडी घेऊन बसत आणि जेवायची हाक येईपर्यंत वळत राहत. मला म्हणायचे, "त्या टायमाले हाताले काम द्या लागते, नाईतं पाय आपोआप तिकडं जातेत." एवढा एकच उपाय मला ठाऊक आहे. हरीओमला ढेरा नको असेल तर दुसरं काही धरावं, पण त्या वेळेला धरावं. माळ्यावरचे दोर शेजारचे गफ्फारभाई यांना शेळ्यांसाठी द्यावेत.

५. नानाजींना व्यसनमुक्तीच्या शिबिरात मिळालेलं सन्मानपत्र आणि शाल पुंजाजींना पोचती करावी. तिथे हे उभे राहून "मी सोडली" एवढंच बोलले आणि खाली बसले. टाळ्या पुंजाजींनीच जास्त वाजवल्या होत्या. माझ्या तेराव्याला त्यांना जेवू घालावं, बोलू देऊ नये.

६. माझी मिसरीची डबी माझ्याबरोबर जाळावी. एकदा आठवडाभर सोडली होती, तर घरादाराशी भांडण झालं. निकिताने त्यावरून मला बोलायचं तेवढं बोलून घेतलं आहे. तेव्हा दुसऱ्याला सोडायला सांगणं किती सोपं असतं, ते मला विचारा.

७. माझ्या चांदीच्या पाटल्या नात संस्कृती हिला.

८. गेल्या महिन्यात निकिताचे वडील आणि भाऊ अनसिंगहून आले. पुन्हा तोच ओटा, पुन्हा चार माणसं. हरीओम मान खाली घालून बसला होता. निकिताने संस्कृतीला त्याच्यापुढे उभं केलं. पोरगी सहाच वर्षांची आहे. हरीओमचा हात उचलला गेला तसं मी त्याचं मनगट धरलं.

निकिता म्हणाली, "काहून अडवून राह्यल्या, आई? पोरगा सुदरू नाई द्यायचा का तुमाले?"

मी म्हटलं, "माहा एक गेला, बाई. आता हे लेकरू नाई देत मी."

सगळे उठून गेले. निकितावर माझा राग नाही. तिच्या जागी मीही होते, बादलला ओट्यावर मीच आणलं होतं, आणि त्या दिवशी मला कोणी धरलं नाही.

शपथ टळली, पण भीती शिरायची ती शिरलीच. आधी शाळेच्या वेळी संस्कृतीच्या वेण्या हरीओमच घालायचा, सकाळी त्याचा हात स्थिर असतो. त्या दिवसापासून तो घालत नाही. पोरगी फणी घेऊन त्याच्यापुढे उभी राहते, आणि तो म्हणतो, "आईकडं जा." हे पाहिलं आणि मी वकिलाकडे गेले.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी की, या घरात लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कोणी शपथ घेऊ नये, कोणाला घ्यायला लावू नये. शपथेवाचून भागतच नसेल तर मला आंघोळ घालून अंगणात ठेवाल, तेव्हा हरीओमने माझ्या डोक्यावर हात ठेवून घ्यावी. मोडली तर मोडली, मला आता काही होत नाही. नंतर फोटोवर हात ठेवून पुन्हा घ्यावी. पुन्हा मोडली तर पुन्हा घ्यावी, बाळा, मी आहे.

आणि मला उचलायच्या आधी निकिताने संस्कृतीला त्याच्याजवळ न्यावं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवावा. काही बोलू नये, नुसता ठेवावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. खालील दोघांच्या देखत सही केली.

लिहून ठेवणार: कमलीबाई नानाजी गावंडे (सही)

साक्षीदार:
१. शेख गफ्फार शेख चाँद, राहणार शिरपूर जैन (सही)
२. रत्नमाला देवराव भोयर, राहणार शिरपूर जैन (सही)

ठिकाण: शिरपूर जैन
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५