पिशवीत न बसणारा कॉम्प्युटर

निघोजे,
शुक्रवार

प्रिय नेहा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून शेवटी लेकीच्या, संस्कृतीच्या वहीचे मधले कागद काढून लिहायला बसले आहे. शाळा सुटल्यापासून रजेच्या अर्जाशिवाय माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही, त्यामुळे अक्षराला हसायचं असेल तर हस, पण शेवटपर्यंत वाच. तू फोन का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे. त्यावर मी येतेच, पण आधी मला थोडं बोलून घेऊ दे, कारण हे सगळं ऐकून घेईल असं या घरात कुणी नाही.

कंपनीत क्वालिटीच्या टेबलावरच्या, बसून करायच्या जागेची परीक्षा मंगळवारी ठरली. जागा एक, नावं सहा. आपण दोघी नऊ वर्षं शेजारशेजारच्या बोर्डांवर वायरी लावत उभ्या राहिलो, तेव्हा माझे गुडघे तुला नव्याने सांगायला नकोत. तू दोन वर्षांपूर्वी ती लाइन सोडून पुनावळ्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसलीस ते शहाणपणाचं केलंस. मला आता डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे, असंच आठ-आठ तास उभं राहिलात तर वर्षभरात नोकरी सोडावी लागेल. म्हणजे ही जागा मिळाली तर नोकरी टिकली, नाही मिळाली तर अकरा वर्षांवर पाणी. आणि परीक्षा कशाची, तर एक्सेलची. तू तुझ्या लॅपटॉपवर मला माउस धरण्यापासून शिकवलंस, गणपतीपासून पुढे तो लॅपटॉप माझ्याकडेच ठेवलास, त्याची एक बिजागरी सैल होती तरी मी तो भाकरीच्या पिठाच्या डब्याला टेकवून रोज तासभर बसत होते. चार आठवड्यांत मला बेरजा, रकाने, आलेख सगळं येऊ लागलं होतं. तेवढ्यात आमच्या घराला मान आठवला.

तू आमच्या यांना गोरक्षभाऊ म्हणतेस, आणि ते तुला ताई म्हणतात, माणूस वाईट नाही. पण स्वतःच्या तीन बस कंपन्यांना लावलेल्या माणसाच्या बायकोने मैत्रिणीचा जुना लॅपटॉप वापरावा, हे कुणीतरी त्यांना पारावर बोलून दाखवलं. झालं. आपलं आपण घ्यायचं, दसऱ्याला घ्यायचं, आणि चांगलं घ्यायचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, माझ्यासाठी घेतायत.

मग घरात जी पंचायत बसली, तशी गावच्या रस्त्यासाठीही बसली नव्हती. आमचे धाकटे भाऊजी दादासाहेब एकदा मोबाइलच्या दुकानात आठ महिने कामाला होते, तेव्हापासून घरात वीज लागते त्या प्रत्येक वस्तूचे ते तज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, लॅपटॉप म्हणजे निव्वळ नाजूक काम, बिघडला की अख्खा बाद, डेस्कटॉपचं कसं, खोका उघडला, एक पार्ट काढला, दुसरा टाकला. यांना ते लगेच पटलं, कारण बसचंही तसंच असतं. संस्कृतीला टॅब हवा होता, तिच्या वर्गात तिघींकडे आहे. टॅबवर एक्सेल नीट होत नाही असं मी म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दहावी नापास झाले आहे. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ज्यात सगळं पडद्याच्या मागेच बसवलेलं असतं ते पाहिजे होतं. त्याला ऑल-इन-वन म्हणतात हे त्यांना दुकानात कळलं. वायरी दिसत नाहीत आणि कीर्तन मोठं दिसतं, एवढी त्यांची मागणी. मीही घरात होते. मी काय म्हणाले ते मात्र तुला कुणीच सांगू शकणार नाही.

चिंचवडच्या दुकानात आम्ही पाच जण बसने गेलो. आमच्याच बसने, पन्नास सीटांच्या. तो विकणारा पोरगा बिचारा शहाणा होता. त्याने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, वापर कशासाठी आहे आणि वापरणार कोण. चार तोंडांनी चार उत्तरं दिली. पोरीचा अभ्यास, बसचे हिशेब, कीर्तन, आणि भाऊजी म्हणाले, भविष्यात लागेल असा. मी एका लॅपटॉपवर हात ठेवून उभी होते. हलका होता, बिजागरी घट्ट होती. त्या पोराने माझ्याकडे बघून विचारलंही, ताई, तुम्हाला? तोवर यांनी घरी मामंजींना फोन लावला होता. तू आमच्या मामंजींना, धर्माजीअण्णांना, एकदाच पाहिलं आहेस. कमी बोलतात, पण बोलले की विषय संपतो. ते फोनवर म्हणाले, "जी वस्तू पिशवीत बसती ती घरात ऱ्हात न्हाई. हालनार न्हाई असं घ्या." डेस्कटॉप घेतला. वर रंगीत दिवे असलेला खोका घेतला, तो कुणी मागितला होता ते आजवर कुणीही कबूल केलेलं नाही.

खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, कंपनीत आपण मशिनी पुजतो, ते ठीक आहे. पण कॉम्प्युटर अजून पुठ्ठ्याच्या बाहेरही निघाला नव्हता तर पुठ्ठ्याची पूजा झाली. दसऱ्याला बाहेर काढून परत झाली. आत्याबाईंनी कीबोर्डवर ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटवली, त्यातली दोन बटणं अजून दाबली की वर येत नाहीत. नारळ त्या खोक्यावरच फोडणार होत्या, तो मी अक्षरशः हातातून काढून घेतला. मग त्यांनी माझ्या लग्नातल्या शालूच्या झंपरातून उरलेला तुकडा शिवून त्याला झाकण केलं. आणि त्याची जागा ठरली हॉलमध्ये, दारासमोरच्या भिंतीला, टीव्हीशेजारी. आलेल्या माणसाला पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे.

इथेच सगळं बिनसलं नेहा, आणि हे दुकानात माझ्या लक्षात आलं नाही, याचा मला स्वतःचा इतका राग येतो की सांगता येत नाही. डेस्कटॉप की लॅपटॉप हा प्रश्न मशीनचा नव्हताच. बाईने कुठे बसायचं, याचा होता. आमच्या हॉलमध्ये मामंजींची कॉट आहे. सकाळपासून गावातली चार माणसं तिथे येऊन-जाऊन असतात. सून तिथे चहा घेऊन जाते आणि मागे येते. खुर्ची ओढून, मामंजींकडे पाठ करून बसलेली सून या घरात कुणी पाहिलेली नाही. बसू नकोस असंही कुणी कधी म्हटलेलं नाही. म्हणावंच लागत नाही, तीच तर गंमत आहे. तुझा लॅपटॉप स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकत होता. हा तिथे येत नाही आणि मी तिथे जाऊ शकत नाही. पंधरा दिवसांत त्या कॉम्प्युटरवर आत्याबाईंनी कीर्तनं ऐकली, संस्कृतीने गाणी लावली, भाऊजींनी येऊन कसली तरी सेटिंगं बदलली. मी रोज संध्याकाळी त्याच्यावरचा शालू झटकत होते. यांना सांगितलं तर म्हणाले, बस की मग, तुला कोण अडवतंय. पुरुषांना हे वाक्य कुठे शिकवतात, मला एकदा बघायचं आहे.

काल गुरुवार, आमची सुट्टी. परीक्षेला पाच दिवस. मामंजींकडे देवळातल्या काकड्याचं ठरवायला तीन जण आले होते. मी चहा दिला, कप उचलले, आत नेऊन घासले, आणि मग बाहेर येऊन कॉम्प्युटरवरचा शालू काढला, खुर्ची ओढली आणि बसले. पदर सारखा केला तेवढाच. तो कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घेतो की मला तेवढ्यात तीनदा उठून जावंसं वाटलं. मागच्या तिघांतल्या एकाने विचारलं, "सूनबाई काय करत्यात?" मामंजी म्हणाले, "अभ्यास हाय तिचा. तुमी बोला." थोड्या वेळाने सवयीने त्यांनी परत चहा सांगितला. मी उठले नाही. आतून आत्याबाई कप घेऊन आल्या आणि माझ्या खुर्चीशेजारून जाताना पुटपुटल्या, "एक डाव तर सारा च्या घोटला, आन पुन्यांदा काय नरड्यात वाळू पडली व्हय." ते मला होतं की त्या माणसांना, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता तुला वाटेल, जिंकली योगिनी. काय जिंकली, डोंबल. एवढं सगळं करून बसले आणि तो व्हीलुकअप काही केल्या जमेना. अकरा वेळा केला, अकरा वेळा चूक दाखवली. मागे चार म्हातारी माणसं, समोर तो दिवे मिचकावणारा खोका, आणि दारात हे उभे राहून विचारतायत की नेट बंद आहे का. डोळ्यात पाणी आलं माझ्या. तू शिकवलं होतंस तेव्हा यायचं. दोन कागद शेजारी ठेवून, एका पार्टनंबरवर बोट ठेवून दुसऱ्यात तोच शोधायला लावला होतास, तेव्हा मला ते इतकं सोपं वाटलं होतं.

जेवताना यांनी विचारलं, कुणाला विचारता येणार नाही का हे. मी म्हटलं, एकच आहे. तिने आपल्यासाठी चहा टाकला होता आणि आपण तिच्या दारातून तो न पिता निघून आलो. जेवण झाल्यावर हे बाहेर जाऊन बस धुवत बसले, आदल्या दिवशीच धुतलेली. आत येऊन एवढंच म्हणाले, की रविवारी ताईंना सुट्टी असेल, मी चार वाजता गाडी घेऊन जातो. तर ते येतील, तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी. वर यायचा त्यांना धीर होणार नाही, खालीच उभे राहतील. तुझ्यासाठी दुसरी खुर्ची मी हॉलमध्ये आणून ठेवली आहे. तू आलीस तर मामंजींसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आपण दोघी तिथे बसू.

पण नेहा, मी हे परीक्षेसाठी लिहिलं असं समजू नकोस. परीक्षा मी तुझ्याशिवायही देईन, नापास व्हायचं तर होईन. लॅपटॉप परत करायला आलो त्या दिवशी तुझ्या दारात हे म्हणाले, आमच्याकडं काय कमी हाय म्हणून मागून वापरायचं, आमच्या बायकोला काय शिकवायचं ते आमी बघू. तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस. तू माझ्याकडे बघत होतीस. मी दोन पायऱ्या खाली, तुझ्या लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उभी होते, आणि मला एवढंच म्हणायचं होतं की तिने शिकवलं म्हणून मला येतं. पाच शब्द होते. मी ती पिशवी तुझ्या हातात दिली आणि वळले. बोलले ते, पण तुला लागलं असेल ते माझं गप्प राहणं, हे मला जिना उतरतानाच कळलं होतं, तरी मी उतरत राहिले. माझं चुकलं नेहा. रविवारी येऊ नये वाटलं तर येऊ नकोस, त्यांना खालूनच परत पाठव. पण हे मी तुला सांगितलं नाही असं व्हायला नको होतं.

तुझीच, शेजारच्या बोर्डावरची,
योगिनी