आत्याचं यकृत आणि दुधाचा पेला

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (लेखीच, प्रत्यक्ष आडवा झालो तर उठवायला दोघे लागतात). तुझे टाके आता ओढत नाहीत ना? यकृताचा कापून दिलेला तुकडा तुझ्या पोटात पुन्हा भरून आला, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. आपल्या घराण्यात दिलेली वस्तू परत आल्याचं हे पहिलंच उदाहरण.

आमची चिमणीही बरी आहे. इतकी, की घरात कुणाला काय करावं ते सुचत नाही. जन्मतःच तिच्या यकृतात प्रथिनं पचवायची सोय नव्हती, जरा जास्त पोटात गेली की त्यांचं विष थेट डोक्यात चढायचं, म्हणून सहा वर्षं आम्ही तिचा घास सोनाराच्या वरताण तोलला. मी उकडलेलं अंडं बाथरूममध्ये नळ सोडून खायचो, हे तुला ठाऊकच आहे (बाहेरून चिमणी विचारायची, "बाबा, विष खातोस का?"). आता तुझ्या तुकड्याने ती सोय झाली. दूध, अंडी, सगळं द्या, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम सुटला. मी थाटात दुधाचा पेला भरला आणि सवयीने वजनकाट्यावर ठेवला. ते पाहून आई "मेल्या, पोरीला मारतोस का" म्हणत धावली आणि तिने पेला मोरीत ओतला. मग तिला ऑपरेशन आठवलं, नि ती मोरीपाशीच रडत बसली. बायकोने दुसरा पेला भरला, तर चिमणीने तोंड फिरवलं. आम्हीच शिकवलेलं ते, आता आमच्याच अंगाशी आलंय. तिला दाखवायला म्हणून मी प्यायलो, आई प्यायली, बायकोही प्यायली. वजन वाढलं ते आमचं.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. चिमणीचं वजन वाढलं नाही, तर पोटात दूध सोडायला सोमवारी पुन्हा नाकातून नळी घालणार आहेत, ऑपरेशननंतर घातली होती तशी. तिने ते ऐकलंय. तेव्हापासून ती नाकावर हात धरून बसते. मला बघवत नाही, ताई.

आणखी ता. क. काल तिने निकाल दिला: "यकृत आत्याचं आहे. आत्या दूध पीत नाही. आधी तिने प्यायचं, मग मी." तू लहानपणी दूध कुंडीत ओतायचीस, हे तिला आईने सांगितलं (झाड मेलं, तेही).

शेवटचा ता. क. रविवारी ये. यकृत मागायला मी फोन केला होता, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू हो म्हणालीस. दुधासाठी फोन करायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र.