चार वाजताची तहान

प्रिय बारक्या,

फोनवर मी बोलायला लागले की तू मधेच जेवलीस का, भाऊजी कसे आहेत असं विचारून विषय वळवतोस, म्हणून लिहायला बसले. आज कारखान्याला सुट्टी आहे. तुझे भाऊजी भाजी आणायला गेलेत. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर उतरलं तरी मला पहिली ओळ सुचत नव्हती. डोकं चालत नाही असं नाही, दमले आहे इतकंच. वर्षभराचा शीण एकदम अंगात आल्यासारखा झालाय.

गेल्या खेपेला तू विचारलंस, या वयात बारीक व्हायचं खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खोटं नाही. डॉक्टरीणबाईंनी बारा किलो उतरवा म्हणून सांगितलं होतं. आपल्या लेकीच्या वयाची पोरगी, पण बोलते शाळेतल्या बाईंसारखी. मग मी साखर सोडली, संध्याकाळचं जेवण निम्म्यावर आणलं, आणि काम सुटलं की कारखान्याच्या भिंतीला धरून चार फेऱ्या मारायला लागले. पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो गेले. काट्यावरून उतरताना मी स्वतःशीच हसले. मनात म्हटलं, हे तर सोपं निघालं. त्यानंतर सव्वा महिना काटा हलला नाही. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, झोपेत पोटऱ्यांत गोळे यायचे. आणि दुपारचे चार वाजले की अशी भूक लागायची की शेजारच्या मशीनवालीच्या डब्यातली बिस्किटं मी न विचारता खायचे. मग घरी येऊन स्वतःवरच चिडायचे.

पाणी मी पीत नव्हते. पहिलं कारण तुला ठाऊक आहे. आमच्या ओळीत बावीस मशिनी, कॉलर शिवायचं काम, आणि संडास दोन मजले खाली. कुणी उठलं की सुपरवायझर मनगटाकडे बघतो, म्हणून आम्ही बायका त्याला घड्याळच म्हणतो. त्याचं ते बघणं नको म्हणून वीस वर्षांत मी अंगाला सवय लावली. सकाळचा चहा, जेवताना अर्धा ग्लास, की मग एकदम घरी.

दुसरं कारण तू होतास. रागावू नकोस. तुझं डायलिसिस सुरू झाल्यापासून, आठवड्यातून तीनदा तू त्या मशीनला चार-चार तास जखडून बसतोस आणि दिवसभराचं पाणी बाटलीवर रेघ मारून पितोस. एकदा तुझ्याकडे आले तेव्हा तू बर्फाचा खडा गालात धरून खिडकीशी बसला होतास. मला लहानपणीचा तू आठवलास. नळावर बादल्या घेऊन रांगेत उभं राहायचो आपण, आणि आपला नंबर आला की तू आधी नळालाच तोंड लावायचास. पोटाचा नगारा होईपर्यंत प्यायचास, मग उड्या मारून आतला ढबढब आवाज मला ऐकवायचास. मागच्या बायका ओरडायच्या आणि मी तुला कॉलरला धरून बाजूला ओढायचे. त्या दिवशी तुझ्याकडून घरी आले, ग्लास भरला आणि तसाच ओतून दिला. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. घशाखाली उतरेचना.

मग सात महिन्यांपूर्वी मी मशीनवरच कोसळले. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या मशीनचा दिवस होता. बायकांनी मला दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, सगळं तपासलं आणि डॉक्टरीणबाईंचा चेहराच उतरला. किडनीचे आकडे वर गेले होते. ते ऐकल्यावर मला जी भीती वाटली ती तुला आत्ता सांगता येणार नाही, शेवटी सांगते. त्या म्हणाल्या, "ताई, पहिले चार किलो तुमची चरबी नव्हती, बरंचसं पाणी होतं. तुम्ही वजन उतरवत नव्हता, स्वतःला सुकवत होता." मग शेजारच्या खोलीतल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी मला तासभर समोर बसवलं. त्यांनी विचारलं, चार वाजता काय होतं? मी बिस्किटांचं कबूल केलं. त्या म्हणाल्या की ती भूक नसणार, बहुतेक तहान असेल. इतकी वर्षं दाबून टाकल्यावर दोन्हींतला फरकच तुम्हाला कळेनासा झालाय. कमी खाल्लं की जेवणातून मिळणारं पाणीही कमी होतं, म्हणजे उलट जास्त प्यायला हवं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं पाणी प्यायलं की वजन वाढतं. हसलास ना? मीही हसले असते, पण तेव्हा रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांची चिठ्ठी घड्याळासमोर ठेवली. तो म्हणाला, एकीला सूट दिली तर बावीस जणी उठतील. मी म्हटलं, उठू देत. माझा आवाज चढला नाही, चढवायची ताकदच नव्हती. त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली आणि म्हणाला, जाण्यायेण्याची वेळ वहीत लिहीत जा. आठ दिवस मी इमानेइतबारे लिहिली. नवव्या दिवशी त्यानेच वही उचलून कपाटात टाकली. आता पाचसहा मशिनींशेजारी बाटल्या दिसतात.

मी चार वाजता आधी पाणी प्यायचं, मग दहा मिनिटं थांबायचं, आणि तरीही भूक असेल तर खायचं, असं ठरवलं. बहुतेक दिवस बिस्किटं डब्यातच राहायला लागली. डोकं ठणकायचं थांबलं. काटा पुन्हा हलायला लागला, सावकाश, आठवड्याला अर्धा किलो.

आणि तो रविवार. तू जेवायला आला होतास. मी सारखी आत जात होते, नळ सोडून त्याच्या आवाजात गटागट पाणी पीत होते, चोरासारखी. तुझ्या लक्षात आलं. तू उठून आत आलास, ग्लास भरलास आणि माझ्या हातात दिलास. म्हणालास, "माझ्यासमोर पी. माझ्या बंद पडल्या म्हणून तुझ्या चालत्या किडन्यांना कशाला उपाशी ठेवतेस?" मी प्यायले. तू ग्लास रिकामा होईपर्यंत उभा होतास, मग बाहेर जाऊन भाऊजींशी क्रिकेटवर बोलायला लागलास. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं.

आता सांगते. वर्षापूर्वी डॉक्टरांनी भावंडांबद्दल विचारलं तेव्हा तू माझ्यादेखत म्हणालास, "ताईचं नाव लिहायचं नाही. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, आता तिच्या अंगातून काही काढून घेणार नाही." आणि मला शपथ घातलीस. मी ती महिन्याभरात मोडली. एकटी दवाखान्यात गेले. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, अडलं ते फक्त वजनावर. बारा किलो त्यासाठी होते. कोसळले त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली नाही, तुला द्यायची किडनी मीच हाताने खराब केली असं वाटलं. गेल्या आठवड्यात शेवटचे रिपोर्ट आले. वजन तेरा किलोंनी कमी, दोन्ही किडन्या ठणठणीत. भाऊजींना सगळं माहीत आहे, त्यांची सही झाली आहे. मला एका किडनीवर जगता येईल हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा समजावलंय, तुलाही समजावतील. येत्या बुधवारी सकाळी दहा वाजता त्यांनी आपल्या दोघांना एकत्र बोलावलंय. तुझी संमती नसेल तर पुढे काही होणार नाही. तुझ्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, बारक्या, म्हणून हे लिहून टाकलं. नाही म्हणायचं असलं तरी तिथे येऊन, माझ्याकडे बघून म्हण. मी साडेनऊपासून दारात उभी असेन.

तुझीच,
शपथ मोडलेली ताई