परसात फरशी घालताना

आण्णा, परसात फरशी घालून झाली. आई आता सकाळी तिथं ऊन खात बसते. एवढंच सांगून थांबले असते, पण मधे जे घडलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

मागच्या दारात सांडपाण्याचा कायम चिखल. त्यात आई घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा पडल्या तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून मी पायरीपासून पेरूच्या झाडापर्यंत शहाबादी फरशी घालायची ठरवली. गवंडी आला. माती कडक होती. त्यानं पाणी मारलं, चपला काढून ठेवल्या आणि टिकावानं खणायला लागला. आई दारात खुर्चीवर बसून बघत होती. मी चहा घेऊन आले, तेव्हा मातीतून एक काळा पाइप वर आला होता. एका जागी फुटलेला, आत तांबडी वायर. गवंड्याला ती दिसली नव्हती. "जुना पाण्याचा पाइप हाय ताई, तोडून टाकतो की," असं म्हणून त्यानं टिकाव डोक्यावर घेतला.

आणि मला तुम्ही दिसलात. आठवडाभर शिरोलीच्या फौंड्रीत राबून रविवारी बनियनवर चर खोदताय. आईचा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तिला आडाचं पाणी ओढता येत नाही, म्हणून आडावर मोटर बसवताय आणि तिची वायर घरातून मातीखालून नेताय. मी शाळकरी पोर, शेजारी उभी. विचारते, "वर खूण नको का, आण्णा? उद्या कुणी खणलं तर?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "घर माझं हाय. कुठं काय हाय ते मला ठावं हाय. जा, अभ्यास कर." संध्याकाळी तोटीला पाणी आलं, तेव्हा आई धारेखाली चांगला हात धरून नुसती उभी राहिली होती. पुढं नळ आले, मोटर विकली, आड बुजवला. वायर कुणी काढली नाही. मग तुम्हीही गेलात.

"टिकाव खाली आणू नका," मी ओरडले. "मागं सरका. पाइपाला शिवू नका." तो टिकाव तसाच वर धरून माझ्याकडं बघत राहिला. पाय ओल्या मातीत, अनवाणी. मी आत पळाले. कुठलं बटण कशाचं ते कळेना, शेवटी मेन स्विचच खाली ओढला.

गल्लीतला वायरमन आला. गवंड्याला आणि मला पायरीवर उभं करून त्यानं मेन चालू केला आणि वायरीला टेस्टर लावला. दिवा लागला. "जित्ती हाय," तो म्हणाला.

गवंडी पायरीवरच बसला. तळपायांची ओली माती पुसत राहिला. मग म्हणाला, "दोन पोरी हायत मला, ताई. कुणी घातली ही? अक्कल नको?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आम्ही राहायला यायच्या आधीची असेल."

आईला ऐकायला कमी येतं. तिनं दारातून विचारलं, "काय गावलं गं?"

"जुनी वायर. बंद हाय," मी मोठ्यानं सांगितलं.

"व्हय की," आई हसली. "ह्यांनी घातलेली. माझा हात मोडलेला तवा. एका दिसात पाणी आणलं दारात."

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.  तो गार झालेला चहा प्यायला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मी धरून चालले होते. तो आला. आधी वायरमनकडून सगळी वायर उपटून काढून घेतली, मग खडी भरली, फरशी बसवली. माझ्याशी कामापुरतंच बोलला.

आण्णा, हे पत्र कुठं टाकायचं नाही, घरात ठेवायचंही नाही, आईच्या हाती लागायला नको. पण तुमचं नाव राखायला मी खोटं बोलले, असं मात्र समजू नका. तो माणूस मरता मरता वाचून समोर बसला होता आणि मी तुमची मुलगी आहे, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही.