फोनवरून आलेलं हान्सेल

पोर्टसॉय,
१४ ऑक्टोबर

चि. डॉड यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? अ‍ॅलेकची छाती या थंडीत पुन्हा भरली नाही ना? सूनबाईची पाठ? आणि ते म्हातारं कुत्रं अजून जिना चढतं का? इथे माझं ठीक चाललंय. शेजारच्या इनाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला गावातल्या सगळ्यांच्या खिडक्यांवरची धूळ दिसते. तुझी लेक लॉर्ना बरी आहे. बाळही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

आता मुद्द्याचं. मंगळवारी चौकात बँकेची फिरती गाडी आली. गाडीतली मुलगी नवीन, इंग्लंडकडची. म्हणाली, "आजी, अ‍ॅबर्डीनहून पैसे आलेत. सोबत एकच शब्द आहे, हान्सेल. ही कुठली कंपनी?"

रांगेत आम्ही सगळ्या म्हाताऱ्या. मग काय विचारतोस.

"अगं पोरी, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक देतं ते हान्सेल," इना म्हणाली. "मी मासळी विकायचे ना, तेव्हा त्या नाण्यावर थुंकून मगच खिशात टाकायचे. दिवस चांगला जातो."

"तुझा कुठला दिवस चांगला गेला?" क्रिस्टी पिरी म्हणाली. "नव्या कोटाच्या खिशात नाणं घालतात, ते खरं हान्सेल. रिकाम्या खिशाचा कोट अंगावर चढवू नये."

"नवी होडी, नवं घर, नवं बाळ," मी म्हटलं. "जे नव्याने सुरू होतं, त्याला शुभ म्हणून हातावर काहीतरी ठेवायचं."

"आणि असं फोनवरून पाठवलेलं?" त्या मुलीने विचारलं.

"त्याला नुसते पैसे म्हणतात," क्रिस्टी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. माझी मान खाली गेली, डॉड. तुझ्यापायी.

तशीच उठले आणि वाचनालयात गेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली माझी, हेरिंग मासे साफ करता करता जे वाचलं तेवढंच. पण तो जाडा शब्दकोश मला घाबरवत नाही. त्यात लिहिलंय, हा शब्द फार जुना, उत्तरेकडून होड्या हाकत आलेल्या लोकांचा. त्यात एक आहे हात आणि दुसरं आहे देणं. दोघांनी हातात हात दिला की सौदा पक्का. तोवरचं सगळं बोलणं म्हणजे वारा. तू वारा पाठवलास, तोही मुलाच्या, अ‍ॅलेकच्या फोनवरून.

इथे लॉर्ना बाबागाडी घेऊन बंदरापर्यंत सरळ जाऊ शकत नाही. दर दारात कुणीतरी थांबवतं, बाळाची मूठ उघडून चांदीचं नाणं ठेवतं. मूठ मिटली तर पोर काटकसरी निघणार, सोडली तर उधळी. तुझी नात नाणं सरळ तोंडात घालते. ज्याच्याशी तू मासेमारीच्या जाळ्यावरून भांडलास तो स्लेटरसुद्धा टोपी काढून आला. आणि सख्खा आजोबा? थेट बस आहे, डॉड. आपली मावसबहीण रूबी बाळाला बघायला न्यूझीलंडहून येते, तुला अ‍ॅबर्डीनहून येववत नाही.

पैसे आल्याचं लॉर्नाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"काही लिहिलंय का, आत्या?"

"एक शब्द."

"माझं नाव?"

"नाही गं."

ती सोलत राहिली. बटाट्याचा पार सुपारीएवढा गोळा उरला. मग म्हणाली, "परत पाठव."

तिने तुझी होडी विकली, मान्य. अरे, ती होडी जेवढं डिझेल पीत होती तेवढी मासळी देत नव्हती. तोडायला नेली त्या दिवशी पोर धक्क्यावर उभी राहून रडली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. स्वतःच्या लग्नात तिने सगळ्यांदेखत हात पुढे केला आणि तू दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलास. ती तुझ्यावर चिडलेली नाही. ती वाट बघते, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

बाळाचं नाव मी सांगणार नाही. लॉर्नाने बजावलंय, बाबांनी स्वतः विचारायला हवं. एवढंच सांगते, नोंदणी कचेरीत ते मोठ्याने वाचलं तेव्हा मी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. तू जिन्याखाली उभा राहून रोज ज्या नावाने हाक मारायचास, ते त्या घरात मातीखाली गाडल्यासारखं गप्प झालं होतं. तुझी बायको गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं.

पैसे परत पाठवलेत. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आहे. नाणं नसलं तरी चालेल, रिकाम्या हाताने ये. त्या शब्दात पैसा कुठेच नाही, मी नीट पाहिलं.

लवकर लिही. निदान तिचं नाव विचारायला तरी लिही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझीच थोरली,
जेसी-अ‍ॅन